गालाने पुसलेलं वाक्य

अंकुरचा गाल बोर्डावर आपटला तेव्हा माझं वाक्य पुसलं गेलं. आमच्या वर्गातला बोर्ड तसाच आहे, भिंतीवर मोठ्या टीव्हीसारखा लावलेला. बोट टेकवलं की लिहितो, तळहात टेकवला की पुसतो, आणि तळहात कुठला नि गाल कुठला हे त्याला कळत नाही. रुंद काहीही अंगावर आलं की तो त्याला डस्टर समजतो. त्यामुळे अंकुरचं तोंड जिथून घासत गेलं तेवढा पट्टा पांढरा झाला, आणि मी लिहिलेल्या 'मार खाकर कोई कुछ नहीं सीखता' या वाक्यातलं फक्त 'सीखता' उरलं. त्याच्या बाजूला लाल ठिपके दिसले. मला आधी ते बोर्डाच्या शाईचेच वाटले, कारण मी लाल रंग घेतला होता. मग त्यातला एक ठिपका खाली ओघळला. बोर्डावरची शाई कधी ओघळत नाही. अंकुरचे केस अजून माझ्या मुठीत होते, जेल लावलेले, ताठ, मुळाशी मात्र घामाने ओले. सोडायला हवे होते. तो ओघळ मी पाहिला, नीट पाहिला, हे रक्त आहे असं मनात स्पष्ट म्हटलं, आणि त्याचं डोकं मागे ओढून पुन्हा आपटलं.

माझं नाव अश्लेषा, मी अकरावीत आहे, दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहते, आणि मागच्या दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. लाजाळू नव्हते हं मी. माझ्या आत भरपूर चालू असायचं. पण कोणी काही विचारलं की उत्तर घशापर्यंत यायचं, तिथे उभं राहून चपला शोधत बसायचं, आणि तोवर प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असायचा. वर्गाने माझं नाव 'साइलेंट मोड' ठेवलं होतं. मग पॉलिटिकल सायन्सला तनेजा मॅम आल्या. बाकीचे सर-मॅम त्या बोर्डावर व्हिडिओ लावून देतात आणि स्वतः फोन बघत बसतात. तनेजा मॅम पहिल्याच दिवशी वर्ग ओलांडून थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या की बोर्ड आता तुमचा. त्यांचा एकच नियम होता. ज्याला कोणाचं म्हणणं खोडायचं असेल त्याने आधी समोरच्याचं म्हणणं बोर्डावर लिहायचं, तो 'हाँ, यही कहा मैंने' म्हणेपर्यंत लिहायचं, आणि मगच त्याच्याखाली आपलं. पटलं तर बोर्डाच्या डावीकडे उभं राहायचं, नाही पटलं तर उजवीकडे, आणि मन बदललं तर सगळ्यांच्या देखत चालत पलीकडे जायचं. सगळा वर्ग उभा, बोर्डाभोवती गर्दी, आणि मागे एकट्या मॅम बसलेल्या, मधूनमधून फक्त 'और?' म्हणणाऱ्या. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतं बोट टेकवलं. बोट काचेवर सरकलं आणि त्याच्या मागोमाग रेघ आली, जाड, निळी, माझी. मला आठवतंय, मला पोटात हसू फुटल्यासारखं झालं. लिहिता लिहिता तेच तोंडाने म्हणायला लागले, मग लिहिलं नव्हतं तेही म्हणायला लागले. थंडी सुरू होईपर्यंत माझा असा नळ सुटला होता की आई म्हणायची, अगं बाई, मधे श्वास तरी घे. बसमध्ये मी बोलायचे, कँटीनमध्ये बोलायचे, झोपताना छताशी बोलायचे. मला मी आवडायला लागले होते. हे असं लिहिताना जरा विचित्र वाटतं, पण खरंच यार, आवडायला लागले होते.

त्या दिवशीचा विषय होता, शाळेत शिक्षा असावी का. अंकुरने आपलं म्हणणं मांडलं की बिना डर के पढ़ाई नहीं होती, आणि पुढे म्हणाला की हमारे घर में तो जूता ही ट्यूशन टीचर है. वर्ग हसला. अंकुर तसा वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगते. तो सगळ्यांच्या नकला करतो, प्रिन्सिपल सरांची तर अशी की डोळे मिटले तर भीती वाटावी, आणि मला टायफॉइड झाला होता तेव्हा सगळ्या नोट्सचे फोटो त्यानेच पाठवले होते. मी नियमाप्रमाणे त्याचं वाक्य लिहिलं. त्याने मान डोलावली, हाँ, यही कहा मैंने. मग त्याच्याखाली मी माझं लिहिलं. आता हे वाक्य माझ्याकडे कुठून आलं ते सांगायला हवं. ते काही माझं मत नव्हतं, मी ते पाहिलेलं होतं. आमच्या घरी जेवायच्या टेबलाशी बाबा प्रतीकदादाला गणित शिकवायचे. बाबा मंत्रालयात आहेत, हिशेबाला पक्के, आणि त्यांच्या हातात स्टीलची पट्टी असायची. मी समोरच्या खुर्चीत बसून चित्रात रंग भरायचे. पाय जमिनीला टेकायचे नाहीत इतकी लहान. दादा उत्तर चुकायचा आणि उत्तर चुकायच्या आधीच त्याचा डावा खांदा कानाकडे उचलला जायचा. खांद्याला आधी कळायचं. पट्टीचा आवाज काही फार मोठा नसतो. चपटा असतो, ओलं कापड फरशीवर टाकल्यासारखा. मी पाकळीच्या बाहेर रंग जाऊ द्यायचा नाही एवढंच बघत राहायचे, आणि आई स्वयंपाकघरात मिक्सर चालू करायची, त्यात काही नसलं तरी. मला बाबांनी कधी हात लावला नाही. मुलींना मारायचं नसतं, असं ते अभिमानाने सांगायचे, पाहुण्यांपुढेसुद्धा. दादा गणित शिकला नाही. बारावीला दोनदा बसला, आता मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे, तिघांत एक खोली करून राहतो, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी येतो तेव्हा त्या टेबलाशी जेवायला बसत नाही, ताट घेऊन बाल्कनीत जातो. म्हणून मी लिहिलं, मार खाकर कोई कुछ नहीं सीखता. आणि अंकुरने पुढे होऊन तळहाताने ते पुसलं.

गंमत म्हणून पुसलं. सगळे हसले, मीही हसले आणि पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं, या वेळी कंबर हलवत, कामवाली ओटा पुसते तशी नक्कल करत. मॅम मागून म्हणाल्या, अंकुर, लिखने दो उसे. पण मधे सगळ्यांच्या पाठी होत्या, त्यांना काही दिसत नव्हतं. मी तिसऱ्यांदा लिहिलं, लाल रंग घेऊन, मोठ्या अक्षरात. तो माझ्या बाजूला उभा होता, हात वर करून, वाक्य पुरं व्हायची वाट बघत. आणि त्याने वर्गाकडे बघत म्हटलं, "ये सिर्फ़ बोर्ड पे बोलती है. मिटा दो तो गूँगी."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काही आलं नाही. महिनोन्महिन्यांनी पहिल्यांदा आलं नाही. ती जुनी जागा, घशाखालची, तिथे सगळं जाऊन बसलं, आणि वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं की हा खरं बोलतोय. त्याला ते माहीत नव्हतं, तो नुसता विनोद करत होता. पण मला आत एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं, आणि त्या रिकाम्या जागेतून हात वर आला. माझाच हात. त्याने अंकुरचे केस धरले. पहिल्या वेळेला मला काहीच दिसत नव्हतं, कानात नुसती शिट्टी वाजत होती. ते मी समजू शकते. कोणीही समजू शकेल. दुसऱ्या वेळेला मला सगळं दिसत होतं. बोर्डाची चौकट, त्यावरची धूळ, अंकुरच्या कानामागचा तीळ. हात हलका होता, खांदा मोकळा होता, अंगातून काहीतरी गरम खाली पायांपर्यंत गेलं, आणि ते चांगलं वाटलं. खूप चांगलं वाटलं. बोटातून पहिली रेघ आली होती त्या दिवशी वाटलं होतं, त्याहून चांगलं.

मग किंचाळ्या, मग कोणीतरी मला मागे ओढलं, मग तनेजा मॅम बाकांवरून चढून आल्यासारख्या कशा कोण जाणे पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या ओढणीने अंकुरचं तोंड दाबून धरलं. त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता. ओठ आतून फाटला होता. मेडिकल रूमच्या दाराशी मी उभी होते, मला कोणी जा म्हणत नव्हतं आणि थांब म्हणत नव्हतं. माझ्या बोटांच्या बेचक्यात जेल होतं आणि चारपाच केस. आत नर्सने त्याला विचारलं, कैसे हुआ. अंकुर कापसातून म्हणाला की फिसल गया. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, जोरात, आणि दारातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवलेत. मला लगेच कळलं नाही. कळलं ते खाली पार्किंगमध्ये, जेव्हा बारावीची मुलं हसत विचारत होती की कोणी धुतलं रे अंकुरला. लड़की से पिटा. हे वाक्य त्याला शाळा संपेपर्यंत चिकटलं असतं, आणि त्याने ते स्वतःच आधी पुसून टाकलं होतं. वर्गातली बाकीची मुलंही मॅमना म्हणाली की भीड़ थी, दिखा नहीं. कॉरिडॉरमध्ये तनेजा मॅमनी मला थांबवलं. त्यांच्या कुर्त्यावर रक्त वाळून तपकिरी झालं होतं. त्यांनी हळू विचारलं, अश्लेषा, पैर फिसला था उसका? मी बोटांच्या बेचक्यातलं जेल पुसत राहिले. त्या ठीक है म्हणून गेल्या.

बाबा स्कूटरवर न्यायला आले. शाळेने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की काहीतरी धक्काबुक्की झाली आहे. मी मागे बसल्या बसल्या त्यांच्या पाठीला सांगितलं की मीच त्याचं डोकं आपटलं. मला वाटलं ते स्कूटर थांबवतील. त्यांची पाठ हलायला लागली, आणि सिग्नलला आल्यावर कळलं की ते हसतायत. "एकच दिलीस ना? बास. एकच द्यावी, पण बसली पाहिजे." घरी त्यांनी आईला हे रंगवून सांगितलं, अलका ऐकलंस का, दिल्लीच्या पोरांना वाटतं आपली पोरं दबतात, आणि मला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवून माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला. सतरा वर्षांत त्यांनी मला वाढलेलं मला आठवत नाही. आईने माझा हात उलटापालटा करून बघितला, कुठे लागलं नाही ना म्हणून, आणि आत गेली. मग प्रिन्सिपल सरांचा फोन आला. मुलगा स्वतः घसरलो म्हणतोय, उद्या सगळ्यांनी बसून विषय मिटवून टाकू. बाबा फोनवर अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, बिल्कुल सर, बच्चे हैं. फोन ठेवून मला म्हणाले, "पाय घसरला. त्याचा घसरला, तू सावरायला गेलीस. एवढंच बोलायचं, उगाच जास्त नाही." मी मान हलवली. भात मऊ होता, तूप घातलेलं होतं, आणि मी तो सगळा खाल्ला. मला भूक लागली होती. मारल्यावर इतकी भूक लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन दादाला फोन लावला. तो कंपनीच्या बसच्या रांगेत होता, मागे हॉर्न, कोणीतरी हरियाणवीत शिव्या देत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, आणि दोनदा आपटलं हेही त्यालाच पहिल्यांदा सांगितलं. म्हटलं, दादा, पहिल्यांदा राग होता, दुसऱ्यांदा नव्हता. दुसऱ्यांदा मला बरं वाटलं. तो रांगेतून बाजूला झाला असावा, हॉर्न लांब गेले. मग म्हणाला, "बाबांचंही तसंच असायचं. पहिल्या फटक्याला ते चिडलेले असायचे. दुसऱ्यापासून चेहरा एकदम मोकळा व्हायचा त्यांचा. शांत. मी त्या चेहऱ्याला जास्त घाबरायचो." बस आली म्हणून तो ठेवतो म्हणाला, मग ठेवला नाही, आणि विचारलं, त्या मुलाचा दात कुठला तुटला. मी सांगितलं पुढचा. तो म्हणाला, अच्छा. मी गच्चीवर उभी राहून स्वतःचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. कपाळ, भुवया, ओठांचे कोपरे. खाली क्वार्टरमधली मुलं क्रिकेट खेळत होती, कोणीतरी आउट झालं होतं आणि मान्य करत नव्हतं. मला खाली उतरून त्याला मारावंसं वाटलं. कोणाला तरी. असं सहज, तहान लागावी तसं. मी कठडा घट्ट धरून ठेवला आणि ते जाईपर्यंत उभी राहिले. ते पूर्ण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल सरांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. एका बाजूला अंकुर, मास्क लावलेला, आणि त्याची मम्मी. दुसऱ्या बाजूला मी आणि बाबा. तनेजा मॅम भिंतीशी उभ्या होत्या, त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. चहा आला, बिस्किटं आली. प्रिन्सिपल सरांनी अगदी गोड आवाजात सांगितलं की देवाच्या दयेने मोठं काही झालं नाही, आणि मुलांनी स्वतःच खरं सांगितलं याचा त्यांना आनंद आहे. मग ते मॅमकडे वळले. गर्दी झाली म्हणून मुलगा घसरला, गर्दी झाली कारण मॅमनी वर्ग उभा केला, आणि मॅम स्वतः कुठे होत्या? मॅम म्हणाल्या, मैं पीछे ही बैठती हूँ, सर. सर म्हणाले, वही तो. आता मुलं बोर्डाला हात लावणार नाहीत, बोर्ड फक्त टीचर चालवेल, मुलं जागेवर बसतील, आणि मॅडम पुढच्या सत्रात राहतील का हे ट्रस्ट ठरवेल. बाबांनी समजूतदारपणे मान हलवली. अंकुरच्या मम्मीने मान हलवली. मॅम खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी मनात हिशेब करत होते की मी गप्प राहिले तर कोणाकोणाचं भलं होतंय, आणि एक सोडून सगळ्यांचंच होत होतं. अंकुरचंसुद्धा. मी बोलले तर मी त्याला तिसऱ्यांदा मारणार होते. त्याच्या मास्कच्या वर डोळे होते, आणि ते मला स्पष्ट सांगत होते, नको.

"सर, पैर नहीं फिसला था."

बाबांचा हात टेबलाखालून माझ्या मनगटावर आला. सर हसून म्हणाले, घाबरू नको बेटा, होतं असं. अंकुर मास्कमधून म्हणाला, झूठ बोल रही है सर, हीरोइन बनना है इसको. थोडा हशा पिकला, चहाच्या कपांवरून, सुटल्यासारखा. बाबांची बोटं हाडापर्यंत रुतली होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"पैर एक बार फिसलता है. मैंने इसे दो बार मारा. दूसरी बार मुझे ग़ुस्सा नहीं था, मुझे मज़ा आ रहा था."

 मग अंकुरची मम्मी उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने माझ्या कानाखाली मारली. पूर्ण हाताने. माझं डोकं खुर्चीच्या पाठीवर आदळलं, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात मला ऐकू आलं की बाबांची खुर्ची मागे सरकतेय. ते उभे राहिले होते. त्यांचा हात वर गेला होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो अजून चिडलेलाच होता, मोकळा झाला नव्हता. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि म्हटलं, बाबा, खाली बसा. मी त्यांना असं कधी काही सांगितलं नव्हतं. घरात कोणीच सांगितलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले, हात वर, आणि मी बाही सोडली नाही, आणि मग ते बसले. माझ्याकडे न बघता बसले, त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिले.

सर घाईघाईने म्हणाले की मग हिला निलंबित करावं लागेल, आणि मॅडमचं ते नंतर बघू, आधी हे. तनेजा मॅम भिंतीपासून दोन पावलं पुढे आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी अंकुरकडे बघत होते. त्याने मास्क काढला. ओठ सुजून जांभळा झाला होता, दाताचा उरलेला तुकडा तिरपा दिसत होता, आणि तो बोलायला लागला तेव्हा त्याचे शब्द त्या फटीतून गळत होते. हाँ, तो म्हणाला. दो बार. मम्मी म्हणाली, चुप कर. तो चूप झाला नाही. सांगत राहिला, सरांना नाही, कोणालाच नाही, टेबलाच्या काचेला. की पहिल्यांदा त्याला वाटलं चुकून झालं. की केस धरलेले होते म्हणून मागे वळता येईना. की त्याने सॉरी म्हटलं होतं. मला ते ऐकू आलं नव्हतं. मला वाटत होतं की त्या दुसऱ्या वेळेचं सगळं मला माहीत आहे, तीळ, धूळ, चौकट, सगळं. मी ऐकत राहिले. त्याने मान वर केली आणि पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघितलं.

"मैंने सॉरी बोला," तो म्हणाला, "और ये हँस रही थी."